माझ्या नावाचं कुलूप

जुना जालना
१९ जानेवारी २०२५

अप्पा, जयभीम.

पत्र फाडायच्या आधी एवढी एक ओळ वाचा: रागावलेले तुम्ही एकटेच न्हाईत, मी पण हाय.

फोन केला की तुम्ही आईच्या हातात देता, न्हाईतर वाजू देता. मंग काय करू? मोंढ्यातून आणलेल्या पुडीचा कागदसुद्धा तुम्ही सरळ करून वाचता. पोरीचं पत्र न वाचता ठेवणं तुम्हाला जमायचं न्हाई. म्हणून लिहून राह्यले.

नोकरी लागली. आयटीआयला मी डिझेल मेकॅनिक झाले तेव्हा तुम्ही म्हणले, "सर्टिफिकेट भिंतीला लाव, मशीनला हात लावायचा न्हाई." मी हात लावला. पोकलेन, डंपर असली मोठी मशीनं दुरुस्त करणारी कंपनी हाय, तिनं जालन्यात शिकाऊ टेक्निशियन म्हणून घेतलंय. आमच्या वरचे साहेब कल्याण सर. आधी इथं दगडाच्या खदानीवर शिकायचं, आणि काम बराबर जमलं तर मे महिन्यात चंद्रपूरकडं कोळशाच्या खाणीवर जायचं. तिथल्या डंपरचं एक चाक आपल्या दारापेक्षा उंच असतं म्हणे.

तुमचा डावा हात बघत मी मोठी झाले, अप्पा. तीन बोटं न्हाईत त्या हाताला. मला बुंदी भरवायचे तेव्हा अंगठा आणि करंगळीच्या चिमटीतून भरवायचे, आणि मला वाटायचं सगळ्यांचे बाप असंच भरवतात. तुम्ही एवढे हातचे मिस्तरी, आणि आता मोंढ्यात वजनकाट्यावर बसता. "मशीननं बापाला चावलं, पोरीला सोडंल का?" हे तुमचं म्हणणं मला कळतं. पण कळलं म्हंजे पटलं असं न्हाई.

मागणं एकच हाय. मे महिन्याच्या आत माझ्याशी बोला. शिव्या दिल्या तरी चालतील. तुम्ही बोलले न्हाईत तरी मी खाणीवर जाईनच, पण माझं ध्यान तिथं राहणार न्हाई. आणि ध्यान नसलेल्या मिस्तरीचं काय होतं ते मी तुम्हाला सांगावं का?

राहायला खोली मिळाली. खाली धान्याची दुकानं, वर रहिमुन्निसा खालाचं घर, आणि त्याच्या वर मी. हाताचं ग्रीस साबणानं निघंना तर खालानं बेसन दिलं आणि म्हणली, "लडकी रखी के गैरेज रखा मैंने?" चांगली हाय बाई.

कामावर सगळे लई चांगले वागतात. काळजी करू नका.

मोनाली

---

जुना जालना
१६ फेब्रुवारी

अप्पा,

आईला फोनवर विचारलं, पत्र वाचलं का? म्हणली, "चष्मा पुसून वाचलं, मंग पत्र्याच्या डब्यात ठेवलं." काही बोलले का? "अक्षर बिघडलं म्हणले." वा अप्पा! दिवसभर पाना पिरगाळून या आणि मंग लिहून दाखवा अक्षर.

मागच्या पत्रात एक थाप मारली होती. सगळे चांगले वागतात, असं काही न्हाई. पहिले पंधरा दिवस मला कोणी पाना दिला न्हाई. फिल्टर धू, डिझेलची कॅन आण, टॉर्च धर. ऑपरेटर म्हणायचे, "मॅडम, सेल्फी काढायची असंल तर बकेटपाशी काढा, चांगली येती." मी पण काढली सेल्फी. बकेटमध्ये बसून काढली आणि त्यांनाच पाठवली. तेव्हापासून जरा कमी बोलतात.

आता मुद्द्याचं. मला कंपनीनं एक कुलूप दिलंय.

हसू नका. लाल रंगाचं कुलूप हाय, त्याच्यावर माझा फोटो आणि नाव. मशीनच्या कामाला हात घालायच्या आधी बॅटरीचा मेन स्विच बंद करायचा, त्याला हे कुलूप घालायचं, चावी आपल्या खिशात. चावी एकच असती, दुसरी कोणापाशीच न्हाई, कल्याण सरांपाशी पण न्हाई. ज्यानं घातलं त्यानंच काढायचं. कुलूप हाय तोवर मशीन चालू होऊच शकत न्हाई, वायर जोडा न्हाईतर देवाला नवस करा.

इथले लोक चिडवतात. खदानीचे मॅनेजर राधेश्यामजी म्हणतात, "कुलूप घेऊन फिरती, जसं काही माहेरचं कपाटच हाय." मी म्हणले, कपाटच हाय, आत माझे हात ठेवलेत.

हे बोलले आणि मला तुमची आठवण आली. जेवण गेलं न्हाई त्या दिवशी.

एका होज पायपातून जरा गरम तेल उडालं होतं. काही झालं न्हाई.

मोनाली

---

जुना जालना
२३ मार्च

अप्पा,

आई म्हणती, दुसरं पत्र तुम्ही दोनदा वाचलं आणि कुलपाचा भाग तिला मोठ्यानं वाचून दाखवला. आईशी बोलता, माझ्याशी न्हाई. वड्याचं तेल वांग्यावर काढावं तसं माझ्या वाट्याचं बोलणं तिच्या कानात ओतताय. सुंभ जळला तरी पीळ जात न्हाई म्हणतात, ते आपल्या दोघांसाठीच म्हणत असतील.

आज दोन गोष्टी सांगते. एक सोपी, एक अवघड.

सोपी ही, की तेल उडालं तेव्हा झालं होतं काहीतरी. प्रेशर न सोडताच मी होज ढिला केला. मनगटापासून कोपरापर्यंत भाजलं. आता खपली धरली. कल्याण सर एवढे ओरडले की खदानीतली कबुतरं उडाली. त्यांचं बराबर होतं.

अवघड ही. ज्या खदानीवर मी शिकून राह्यले, ती तीच हाय. राजूर रोडची. तुमची बोटं गेली ती.

मी मागून घेतली न्हाई, कंपनीनं पाठवलं. पण कळलं तेव्हा बदलून पण मागितली न्हाई. मला ती जागा बघायची होती. तुमच्या वेळचं मशीन भंगारात गेलं, नवं आलं, पण ऑपरेटर तेच हायेत. सर्जेराव काका.

मी लहान असताना ते घरी यायचे, मला खांद्यावर बसवायचे. आता पाठीत वाकलेत. पहिल्या दिवशी माझं आडनाव ऐकलं आणि केबिनमधून खालीच उतरले न्हाईत. मंग एक दिवस डबा खायला माझ्यासमोर येऊन बसले. मी काहीच विचारलं नव्हतं. स्वतःच सांगायला लागले.

म्हणले, "दगड भरायला टिपरांची लाईन लागली होती. तुझा बाप, संपत, दिसला न्हाई. वाटलं, चहाला गेला. चावी त्याच्या खिशात. मी पेचकसानं वायर जोडली आणि सेल्फ मारला. बकेट हलली, मंग वरडणं ऐकलं. पोरी, मी फकस्त खाली वाकून बघितलं असतं."

चावी तुमच्याच खिशात होती, हे तुम्ही कधी सांगितलं न्हाई. मला आजवर वाटायचं, तुमचीच काही चूक झाली असंल, म्हणून तुम्ही त्या विषयावर गप्प राहता. तुम्ही बराबरच वागले होते, अप्पा. आणि तरी बोटं गेली. म्हणूनच एवढी भीती वाटती ना तुम्हाला? पोरगी कितीही बराबर वागली तरी कोणाचा तरी पेचकस येईल म्हणून?

काकांनी चहा पुढं केला. मी घेतला न्हाई. ते कप घेऊन तसेच बसले, चहावर साय धरली. मला राग पण आला आणि त्यांची कीव पण आली, दोन्ही एकाच वेळी. माफ करायचं की न्हाई हे तुमचं काम, मी कशाला मधे पडू?

चौदा एप्रिलला जयंतीला घरी येऊन राह्यले. तेव्हा तरी दारात उभे राहा.

मोनाली

---

जुना जालना
१६ एप्रिल

अप्पा,

हे पत्र तुम्हाला कशाला, तुम्ही तर होतेच तिथं, असं म्हणाल. पण अर्धं तुम्हाला दिसलं न्हाई. तेच सांगायला लिहून राह्यले.

आधी माझा येडेपणा. तेरा तारखेला पोकलेनवर काम होतं. एक होज बदलायचा होता आणि बकेटच्या पिनांना ग्रीस मारायचं होतं. मेन स्विच बंद केला, कुलूप घातलं, चावी पँटच्या खिशात. होज झाला. पिना झाल्या, एक राहिली. तेवढ्यात कोणीतरी म्हणलं, तुमच्या घराकडची, भोकरदनची गाडी फाट्यावर आलीय. जयंतीची घाई, आईसाठी घेतलेली पांढरी साडी पिशवीत, तुमच्यासाठी निळा गमजा. वाटलं, सकाळी कोणीतरी पिनेला ग्रीस मारील. पळत सुटले. कुलूप मशीनला, आणि चावी माझ्यासोबत एस.टी.त.

कुलूप घालायचं कधी विसरू नये, हे मी घोकून घोकून पाठ केलं होतं. काढायचं विसरता येतं हे कोणी सांगितलंच न्हाई.

मोबाईल गाडीतच मेला. घरी आले तर तुम्ही विहारात पताका लावायला गेल्ते. का मुद्दाम गेल्ते? आईला विचारलं तर ती हसली नुसती. सकाळी पण तेच. तुम्ही अंगणात बाबासाहेबांच्या फोटोची काच पुसून राह्यले होते, मी शेजारी बसून हार ओवून राह्यले होते. मधे एक घमेलं फुलं, आणि बोलणं काही न्हाई. मला वाटलं, फुलाचं घमेलं उलटं करावं तुमच्या डोक्यावर.

तेवढ्यात आईचा फोन वाजला. तो रहिमुन्निसा खालाचा होता, हे तुम्ही ऐकलंच. स्पीकरवर होता. "बेबीनंदा आपा, तुम्हारी मोनाली पहाड बंद करके आई! चावी किधर है पूछो!"

मी खुंटीवरच्या पँटच्या खिशात हात घातला, तर चावी तिथंच. खालाला कल्याण सरांनी शोधलं, सरांना राधेश्यामजींनी. मोठं काम अडलेलं, टिपरांची लाईन, आणि पोकलेन सकाळपासून जागेवर उभं. मी रडायला लागले. नोकरी गेली, खाण गेली, सगळं गेलं असं वाटलं.

तेव्हा तुम्ही बोलले. किती दिवसांनी, आणि काय बोलले? "कशी हायेस" न्हाई, "रडू नको" न्हाई. हातातलं फडकं तसंच धरून म्हणले,

"तोडलं का कुलूप?"

मी आईच्या फोनवरून सरांना विचारलं. न्हाई तोडलं. तुम्ही म्हणले, "कोणी तोडू दिलं न्हाई?" मी सरांना विचारलं आणि तुम्हाला नाव सांगितलं. सर्जेराव काका.

तुम्ही फोटो आईच्या हातात दिला, चपला घातल्या आणि लुना काढली. मी मागं बसले, तर रस्ताभर तुमच्या पाठीकडंच बघत राह्यले. निळा गमजा गळ्यात होता. कधी घातला, मी बघितलंच न्हाई.

आता तुम्ही यायच्या आधी काय झालं ते. हे मला दुसऱ्या ऑपरेटरनं सांगितलं.

सकाळी राधेश्यामजी म्हणले, "पोरगी पळाली जयंतीला, कापा कुलूप." कटर आणला, वायर ओढली. सर्जेराव काका मधे आले. म्हणले, "ती पळाली हे कोणी बघितलं?" कोणीच छातीवर हात ठेवून सांगंना. माझा फोन बंद. मंग काकांनी सगळं मशीन धुंडाळलं. चाकांच्या दोन्ही चेनींच्या मधे आडवे होऊन बघितलं, बकेटमागं बघितलं, इंजिनाचं झाकण उघडून बघितलं. मी न्हाई सापडले तर चेनीवर चढून कुलपाला पाठ लावून बसले.

मंग खालाकडून माझा पत्ता लागला. सर फोनवर म्हणले, "ती घरी हाय, मी स्वतः बोललो, आता कापलं तर चालंल." काका म्हणले, "फोनवर कोणीबी बोलतं. पोरगी दिसू द्या." राधेश्यामजींनी कामावरून काढायची धमकी दिली. काका म्हणले, "काढा. पण खाली उतरून न्हाई, इथं बसूनच निघतो."

आपण पोचलो तेव्हा ते तसेच बसलेले होते. तुम्ही त्यांच्याकडं बघितलं न्हाई. मी चावी काढली, तर तुम्ही म्हणले, "थांब. काम झालं का तुझं?"

मी म्हणले, एक पिन राहिली.

"मंग कुलूप राहू दे."

आणि तुम्ही बाह्या वर केल्या, ग्रीस गन उचलली आणि बकेटच्या सांध्यात हात घातला. डावा हात. मी खिशातली चावी एवढी आवळून धरली की तिचे दात तळहाताला लागले.

तुम्ही खाली वाकलेले, वरचं तुम्हाला काय दिसणार? सर्जेराव काका चेनीवरून उतरले. डोक्याचा रुमाल काढला. केबिनच्या शिडीसमोर गेले आणि दोन्ही हात पसरून उभे राह्यले, कोणी चढू नये म्हणून. कुलूप असताना कोण चढणार, आणि चढून काय करणार? तरी उभे होते. राधेश्यामजी एकदा "जल्दी करा" म्हणले. काकांनी त्यांच्याकडं असं बघितलं की ते बाजूला जाऊन टिपरवाल्यांना शिव्या द्यायला लागले.

तुम्ही बाहेर आले, हात पुसले. मला म्हणले, "आता उघड." मी उघडलं. आणि मंग तुम्ही काकांना म्हणले,

"चल सर्जा, चहाला. दोघं संगंच जाऊ, म्हंजे कोण कुठं हाय ते कळंल."

काका तिथंच खाली बसले आणि लेकरासारखे रडले. मी पण रडले. तुम्ही मात्र दोघांवर खेकसले, "अरे चहा थंड होईल!" अजून सांगितलाही नव्हता चहा.

मला सरांनी लेखी समज दिली. नोकरी राहिली. खाणीवर पाठवायचं पण कायम झालं.

पण एक राहिलंच, अप्पा. काकांना तुम्ही चहाला नेलं, कुलपाला हात लावून बघितलं, माझ्या फोटोकडं बघून "डोळे मिटलेत फोटोत" पण म्हणले. मला "जा" म्हणले न्हाईत. मी वाट बघून राह्यले.

मोनाली

---

चंद्रपूर जिल्हा, खाणीची वसाहत
११ मे

अप्पा,

पोचले. आईनं दिलेले धपाटे नागपूरच्या आतच संपले, अर्धे शेजारच्या बाईनं खाल्ले.

जालन्याच्या स्टँडवर तुम्ही आले, बॅग वर ठेवली, खिडकीपाशी उभे राह्यले, आणि गाडी हलली तरी काही बोलले न्हाईत. हात वर केला नुसता, डावा. मला लई राग आला. बुलढाणा येईपर्यंत मी तुमच्याशी मनातल्या मनात भांडले. म्हणलं, आता हा माणूस बोलणार न्हाई, आपणच आशा सोडावी.

खाण लई मोठी हाय. वरून बघितलं तर खालचे डंपर खेळण्यातले वाटतात, खाली गेलं तर आपणच मुंगीएवढे होतो. चाक खरंच दारापेक्षा उंच हाय. धूळ काळी, दुपारी उभं राहवत न्हाई एवढं ऊन, आणि कँटीनच्या भाजीत तिखटाच्या नावानं बोंब. माझ्या तुकडीत अजून एक पोरगी हाय, तिला पण माझ्यासारखाच नाकावर राग. जमंल आमचं.

इथं नवं कुलूप दिलं. फोटो नवा काढला, डोळे उघडे ठेवून.

कुलूप देताना इथले साहेब म्हणले, "तू साईटवर सापडली न्हाई आणि कुलूप कापायची वेळ आली, तर घरचं कोण? ज्याला विचारल्याशिवाय आम्ही कापणार न्हाई." मी तुमचं नाव आणि नंबर सांगितला. मी म्हणले, पण ते फोन उचलत न्हाईत. साहेब म्हणले, बघू, आणि तिथंच लावला, स्पीकरवर.

पहिल्याच घंटीला उचलला तुम्ही.

साहेबांनी आपलं नाव सांगितलं, खाणीचं नाव सांगितलं, आणि म्हणले, "तुमच्या मुलीच्या कुलपाबद्दल..." त्यांना वाक्य पुरं करू दिलं न्हाई तुम्ही. केवढ्यानं ओरडले, अप्पा! आख्ख्या ऑफिसनं ऐकलं.

"हात लावू नका कुलपाला! मोनाली माझी हाय. आधी तिला हुडका. मशीनखाली बघा, वाकून बघा. मी निघालोच. मी येऊन तिला डोळ्यानं बघंन, मंग काय ते करा!"

साहेब घाबरून म्हणले, "न्हाई न्हाई, सगळं ठीक हाय, नुसता नंबर तपासून राह्यलो." मंग तुम्ही हळू आवाजात विचारलं, "जेवली का ती?"

मी तिथंच उभी होते, अप्पा, टेबलाच्या या बाजूला. मी फोनकडं हात करते तोवर साहेबांनीच सांगितलं, जेवली म्हणून.

आता सांगते. जेवले.

तुमची मोनाली